आखूची माती आणि विलायतेतील मोल

शतपथ ब्राह्मणाच्या दुसऱ्या कांडात अग्न्याधानाचा विधी आला आहे. गृहस्थाने आपले अग्नी प्रथम स्थापन करावयाचे, त्यापूर्वी अग्नीच्या जागी काही संभार आणून ठेवावे लागतात : पाणी, सोने, खारी माती, आखूने उकरून वर टाकलेली माती आणि खडे. यांपैकी चौथ्या संभारास ‘आखुकरीष’ म्हणतात. ही माती कशासाठी, याचे कारणही ब्राह्मणकारांनी दिले आहे. पृथ्वीचा रस आखूस ठाऊक असतो; म्हणून तो खोल खोल शिरतो आणि पुष्ट होतो; त्याने जेथे माती वर टाकली तेथे तो रसच वर आला असे समजावयाचे. पुढे याच कांडात त्र्यंबकहोमाच्या प्रसंगी एक पुरोडाश आखूच्या ढिगात पुरावयास सांगितला असून आखु हा रुद्राचा पशू म्हटला आहे. गणेशाचे ‘आखुवाहन’ हे नाव आपण आरतीच्या वेळी सहज उच्चारतो. पण वैदिक कर्मात आखूस स्थान मिळाले ते त्याच्याही पूर्वीचे आहे.

जूलियस एगलिंग या पंडिताने १८८२ साली शतपथाच्या पहिल्या दोन कांडांचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. त्यात ‘आखु’ या शब्दासाठी त्याने ‘मोल’ हा शब्द योजला. येथे आमच्या वाचकांनी क्षणभर थांबावे. मोल हा प्राणी महाराष्ट्रात नाही, गोव्यात नाही, गंगायमुनेच्या मैदानातही नाही. पूर्व हिमालयात मात्र त्याची एक जात आहे. तिचे शास्त्रीय वर्णन ब्रायन हॉजसन याने १८४१ मध्ये केले. तेव्हा याज्ञिकांनी ज्याची माती वेचली तो आखु घुशीच्या जातीचा शेतउंदीर असावा हेच संभवते. आपल्या शेतांच्या बांधांवर मातीचे ढीग करणाऱ्या या जातीच्या एका उंदरास इंग्रज ‘इंडियन मोल-रॅट’ म्हणत आले आहेत, यावरून एगलिंगची योजना अगदीच निराधार नव्हती असे दिसते. तथापि या दोन जीवांत एक मोठा भेद आहे. आपला हा उंदीर भाताच्या लोंब्या तोडून बिळात साठवितो. विलायतेतील मोल धान्याचा एक दाणाही खात नाही. पुढील सर्व हकीगतीत हा भेद ध्यानात ठेवावा लागेल, कारण इंग्लंडात ज्या कायद्याने मोलाच्या डोक्यावर बक्षीस लावले, तो कायदा धान्यरक्षणाचा होता.

मराठीत या प्राण्यास शब्द नाही. काही जण त्यास चिचुंद्री म्हणतात, काही घूस, दोन्ही चूक. म्हणून आम्ही येथे ‘मोल’ असेच म्हणणार आहोत. किंमत या अर्थाच्या आपल्या शब्दाशी त्याची गल्लत होऊ नये.

युरोपातील मोल हा वीतभराहूनही लहान. अंगावर काळी, मखमलीसारखी दाट लव. तिला एका बाजूस झुकण्याची खोड नाही, त्यामुळे अरुंद बोगद्यात तो पुढे जातो तसाच मागेही सरतो. डोळे मोहरीएवढे; पुढचे पंजे मात्र फावड्यासारखे रुंद व बाहेरच्या बाजूस वळलेले. आयुष्य भूमीखाली आणि एकट्याचे. आहार मुख्यतः गांडुळांचा, जोडीला जमिनीतील अळ्या. गांडुळाच्या डोक्याशी चावा घेऊन त्यास हलता येणार नाही असे करावयाचे आणि जिवंत साठवून ठेवावयाचे, ही त्याची कोठाराची रीत. पोट इतके अधीर की अर्धा दिवस अन्न मिळाले नाही तर जीव धोक्यात येतो. मुळे तो खात नाही, कंद खात नाही. पण बोगदा खणताना रोपांची मुळे सुटी होतात, आणि खणलेली माती कोठेतरी वर टाकावी लागते. त्याचा अपराध एवढाच. ही वर आलेली माती बारीक, भुसभुशीत आणि खड्यांवाचूनची असते, म्हणून तिकडील माळी ती कुंड्यांसाठी मुद्दाम भरून नेतात. पृथ्वीचा रस वर आणल्याची कल्पना त्यांना अवगत नसेल. माती चांगली हे मात्र त्यांनीही ओळखले.

मोलाशी मनुष्याचे वैर फार जुने आहे. थेस्सलीतील एक नगर मोलांनी पोखरून ढासळविले असे वारो याने लिहिल्याचे प्लिनी नमूद करतो. त्यावर किती विश्वास ठेवावा हे वाचकांनीच ठरवावे. शेतीवर ग्रंथ लिहिणारा रोमन लेखक पॅलेडियस मोलांच्या बंदोबस्तासाठी बागेत मांजरे बाळगावयास सांगतो. पण या वैरास सरकारी शिक्का बसला तो इंग्लंडात, १५६६ साली.

त्या वर्षी राणी एलिझाबेथच्या पार्लमेंटाने धान्याच्या रक्षणासाठी एक कायदा केला. कावळे, कोल्हे, बिज्जू, साळू नव्हे तर तिकडील लहान काटेरी हेजहॉग, पाणमांजरे, उंदीर अशा अनेक जीवांच्या डोक्यांचे दर त्यात लावून दिले होते. कोल्ह्यास बारा पेन्स, हेजहॉगला दोन, तीन घुशींस किंवा बारा उंदरांस एक पेनी, आणि मोलाच्या डोक्यास अर्धा पेनी. हा पैसा राजाच्या खजिन्यातून यावयाचा नव्हता. प्रत्येक गावचर्चच्या हद्दीतील जमीनधारकांकडून तो गोळा करावयाचा, आणि वाटपाची व्यवस्था चर्चवॉर्डनांच्या, म्हणजे चर्चच्या मालमत्तेची देखभाल करणाऱ्या गावातील प्रतिष्ठित गृहस्थांच्या निगराणीत चालावयाची. गोव्यातील देवस्थानांच्या महाजनांची ज्यांना कल्पना आहे त्यांना चर्चवॉर्डन कोण हे अधिक सांगावयास नको. देवळाच्या वहीत जसा तेल, फुले, वाजंत्री, पालखीचे भोई यांचा खर्च पडतो, तसा त्या चर्चच्या वहीत मेणबत्त्या, घंटेचा दोर, छपराची डागडुजी यांच्या शेजारी मारलेल्या प्राण्यांच्या डोक्यांचा खर्च पडू लागला. तेच डोके पुन्हा आणून कोणी दुसऱ्यांदा पैसे घेऊ नयेत म्हणून डोकी जाळावयाची किंवा तोडून टाकावयाची असा दंडकही कायद्यात होता. मनुष्यस्वभाव कायदेकर्त्यांस चांगला ठाऊक होता म्हणावयाचा.

या वह्या आज इतिहासकारांस फार उपयोगी पडल्या आहेत. रॉजर लव्हग्रोव्ह या अभ्यासकाने इंग्लंड व वेल्समधील शेकडो चर्चांच्या वह्या चाळून तेथील वन्यप्राण्यांच्या संहाराचा इतिहास लिहिला. त्याचे पुस्तक २००७ साली प्रसिद्ध झाले. आमच्याकडील देवस्थानांच्या जुन्या वह्या कित्येक ठिकाणी वाळवीच्या तोंडी गेल्या. त्यांत काय काय गेले असेल, याचा विचार अशा वेळी मनात आल्यावाचून राहत नाही.

एकेक डोके मोजून अर्धा पेनी देत बसण्यापेक्षा अनेक गावांनी दुसरी तोड काढली. एका माणसास वर्षाकाठी ठरावीक रक्कम देऊन गावच्या सर्व जमिनीतील मोल पकडण्याचे काम त्याच्यावर सोपवावयाचे. काही ठिकाणी हे करार दीर्घ मुदतीचे असत. अशा रीतीने मोल पकडणारा हा ग्रामव्यवस्थेतील एक स्वतंत्र कामकरी बनला. त्याची विद्या बापाकडून मुलाकडे जाई, आणि ती बाहेर फुटू नये याची तो काळजी घेई.

ही विद्या म्हणजे काय? वर दिसणाऱ्या ढिगावर सापळा लावून काही उपयोग होत नाही. मोल तेथे फिरून येईलच असे नाही. त्याचे बोगदे दोन प्रकारचे. काही केवळ भक्ष्य शोधताना खणलेले, एकदा वापरून सोडलेले. काही मात्र त्याचे राजमार्ग, ज्यांवरून तो दिवसातून अनेकदा जातो येतो. कुंपणाच्या कडेने, भिंतीच्या पायथ्याने किंवा वाटेखालून जाणारा हा राजमार्ग वरून दिसत नाही. जाणता माणूस काठीच्या टोकाने किंवा टाचेने जमीन दाबून तो ओळखतो. मग तेवढाच तुकडा उघडावयाचा, तळ बोटांनी गुळगुळीत करावयाचा, सापळा बसवून वरून माती अशी लोटावयाची की प्रकाशाची एक तिरीपही आत जाऊ नये. हातास माणसाचा वास राहू नये म्हणून ते आधी मातीने चोळण्याची चाल होती.

जुना सापळा लाकडाचा असे. बोगद्याच्या आकाराची एक पोकळ नळी, तिच्या दोन्ही तोंडांशी घोड्याच्या केसांचे किंवा तारेचे फास, आणि वर जमिनीत रोवून वाकविलेली हेझल झाडाची लवचिक काठी. फासांची दोरी या काठीस बांधलेली व नळीच्या मध्यावरील एका खुंटीने अडवून धरलेली. मोलाने नाकाने खुंटी ढकलली की काठी सुटून ताठ होई आणि फास आवळला जाई. एकोणिसाव्या शतकात लोखंडी चिमट्यांचे सापळे आले. तत्त्व तेच, काठीच्या जागी स्प्रिंग. बोगद्याच्या तळाशी पाण्याचे मडके पुरून मोलास त्यात पाडण्याची रीतही होती. मारलेले मोल कुंपणावर किंवा झाडाच्या फांदीवर ओळीने टांगून ठेवीत, म्हणजे मालकास मोजता येत. जॉन क्लेअर या शेतमजूर कवीच्या ‘रिमेंब्रन्सेस’ या कवितेत हे टांगलेले मोल आले आहेत. सामाईक कुरणे कुंपणांत बंद होऊन गरिबांची वाट बंद झाली, त्याच दुःखाच्या ओघात ते आले आहेत, हे विशेष.

या क्षुद्र जीवाने एकदा राजकारणातही हात घातला, असे इंग्रज सांगतात. फेब्रुवारी १७०२ मध्ये राजा तिसरा विल्यम हॅम्प्टन कोर्टच्या उद्यानात घोड्यावरून पडला आणि त्याचे गळपट्टीचे हाड मोडले. घोड्याचा पाय मोलाने केलेल्या मातीच्या ढिगात अडखळला, अशी परंपरा आहे. पुढे ज्वर व फुफ्फुसाचा विकार होऊन ८ मार्च रोजी राजा वारला. त्याच सुमारास इकडे दक्षिणेत ताराबाई औरंगजेबाशी झुंजत होत्या. पदच्युत स्टुअर्ट घराण्याचे जे पक्षपाती होते त्यांना विल्यमच्या मृत्यूने आनंद झाला, आणि मद्याचा पेला उंचावताना ते काळ्या मखमली अंगरख्यातील छोट्या गृहस्थाचे आयुष्य चिंतू लागले. मोलाचे अभीष्ट चिंतणारी ही एवढीच राजकीय मंडळी.

याच शतकात सरदारांच्या हवेल्यांभोवती कातरलेल्या हिरवळीचा षोक वाढला. विळ्याने हिरवळ कापावयाची तर ती सपाट हवी. मातीच्या ढिगाने विळ्याची धार जाते आणि शोभाही जाते. पुढे १८३० मध्ये एडविन बडिंग याने हिरवळ कापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले, आणि सरदारांचा षोक मध्यमवर्गाच्या आवाक्यात आला. मोलाच्या इतिहासात हा मोठा पालट होय. पूर्वी त्याच्यावर धान्य नासविल्याचा आरोप होता, तो खोटा असला तरी पोटाशी संबंध असलेला होता. आता आरोप राहिला तो शोभा बिघडविल्याचा. शेतकऱ्यांची एक तक्रार मात्र खरी आहे आणि ती दडविणे योग्य नव्हे : गवत कापताना ढिगातील माती त्यात मिसळली तर मुरविलेला चारा बिघडतो, आणि त्यातून मेंढ्यांस घातक रोग होऊ शकतो.

फ्रान्समध्ये या विद्येस एक निराळेच भाग्य लाभले. पाँत्वाझच्या बाजूस हेन्री ल कूर नावाचा मोल पकडणारा होता. कालव्याच्या बांधात मोलांनी केलेले बोगदे त्याने वेळीच शोधून मोठा प्रदेश बुडण्यापासून वाचविला, अशी त्याची ख्याती सांगतात. कादे द व्हो या रसायनवेत्त्याने त्याच्याकडून सर्व माहिती घेऊन १८०३ साली मोलावर एक पुस्तक लिहिले. पॅरिसचा विख्यात प्राणिशास्त्रज्ञ एत्येन जॉफ्रा सेंतिलेर हा स्वतः ल कूरकडे गेला. राजधानीतील पंडिताने खेड्यातील फासेकऱ्याकडे शिकावयास जावे, हा प्रसंग आम्हांस मोठा हृद्य वाटतो. ल कूरने त्या वेळी केलेला प्रयोग असा : मोल आपल्या राजमार्गावर चरत असता त्या मार्गावर ठिकठिकाणी गवताच्या काड्या खुपसल्या, त्यांचे टोक आत बोगद्यात आणि वर कागदाची निशाणे. मग मार्गाच्या एका तोंडाशी शिंग लावून मोठ्याने फुंकले. भेदरलेला मोल पळत सुटला आणि त्याच्या धक्क्याने निशाणे एकामागून एक पडत गेली. त्यांवरून वेग काढला तो दुडक्या चालीने धावणाऱ्या घोड्याएवढा भरला. हा आकडा आज कोणी प्रमाण मानणार नाही. पण जमिनीखालच्या न दिसणाऱ्या जीवाची हालचाल वर दिसेल अशी करण्याची युक्ती निःसंशय सुंदर आहे.

याच वेळच्या माहितीवरून मोलाच्या किल्ल्याचे एक चित्र प्रसिद्ध झाले. मोठ्या ढिगाखाली घरट्याची खोली, तिच्याभोवती वरचे लहान व खालचे मोठे असे दोन वर्तुळाकार मार्ग, आणि दोहोंस जोडणारे ठरावीक पाच जिने. चित्र एखाद्या वास्तुविशारदाने आखावे इतके रेखीव होते, आणि त्यामुळेच लोकप्रिय झाले. एका पुस्तकातून दुसऱ्यात, फ्रेंचमधून जर्मनमध्ये, जर्मनमधून इंग्रजीत असे ते सुमारे शंभर वर्षे उतरत राहिले. नकलाकारांपैकी कोणी हातात कुदळ घेतली नाही. अखेर लायोनेल अॅडम्स या इंग्रज गृहस्थाने असे किल्ले स्वतः एकामागून एक खणून, मोजून, त्यांचे आराखडे काढले आणि १९०३ साली दाखवून दिले की त्या चित्रासारखा किल्ला आढळतच नाही; प्रत्येकाची रचना निराळी आणि जमिनीच्या सोयीप्रमाणे ओबडधोबड. आमच्याकडेही एका ग्रंथातील चूक दुसऱ्यात, तेथून पाठ्यपुस्तकात आणि तेथून व्याख्यानात जाते, हे इतिहासाच्या वाचकांस नवे नाही. तिला कुदळ लागेपर्यंत ती खरीच असते.

विसाव्या शतकाच्या आरंभी मोलाची कातडी फॅशनमध्ये आली. राणी अलेक्झांड्रा हिने मोलाच्या कातड्याचे वस्त्र वापरले म्हणून ही लाट उठली, अशी कथा आहे. एका अंगरख्यास शेकडो मोल लागत. नळकाम करणारे कारागीरही शिशाचे सांधे पुसावयास हे कातडे वापरीत. लाट ओसरली, आणि पकडणाऱ्यांची जोड-प्राप्ती गेली.

यानंतर जे आले त्याचा संबंध आमच्या रानांशी आहे. कोकणात आणि गोव्यात काजरा सर्वांच्या परिचयाचा, कोकणीत काजरो. त्याचे पिकलेले नारिंगी फळ देखणे, पण आतील बी चपटी, बटणासारखी, रेशमी लव असलेली आणि जहाल. संस्कृतात यास कारस्कर व विषतिंदुक म्हणतात. वैद्यांचा कुचला तो हाच. गोमूत्र, दूध, तूप यांनी शोधन केल्यावाचून कुचला औषधात घेऊ नये असा आयुर्वेदाचा कडक नियम आहे. १८१८ मध्ये पेलेतिए व काव्हाँतू या फ्रेंच रसायनवेत्त्यांनी याच जातीच्या बियांतून स्ट्रिक्निन हे विष वेगळे काढले. त्यानंतर आमच्या किनाऱ्यावरून काजऱ्याच्या बियांची पोती विलायतेस जाऊ लागली. तेथे या विषाचे अनेक उपयोग झाले. त्यांपैकी एक, गांडुळे विषात घोळून मोलाच्या राजमार्गात सोडणे. वैद्याने जे विष शोधन करून रोग्यास दिले, ते शोधनावाचून हिरवळीखाली गेले.

या विषाने येणारे मरण आचक्यांचे आणि अतिशय वेदनेचे असते. ब्रिटिश पार्लमेंटाने क्रूर विषांविरुद्ध १९६२ साली कायदा केला, आणि १९६३ च्या नियमांनी सस्तन प्राण्यांस मारण्यासाठी स्ट्रिक्निन वापरण्यास बंदी झाली. मात्र एक अपवाद ठेवला : मोल. उंदरास जे क्रूर ठरले ते मोलास चालले. हा अपवाद पुढे चाळीसहून अधिक वर्षे टिकला. सप्टेंबर २००६ पासून हे विष मोलांसाठीही बंद झाले, तेव्हा विस्मृतीत चाललेले सापळेवाले पुन्हा शोधले जाऊ लागले. आज तेथे प्रशिक्षित माणसांकरवी विषारी वायू सोडण्याची मुभा आहे, आणि सापळे आहेतच. इतर प्राण्यांच्या स्प्रिंगच्या सापळ्यांस सरकारी मान्यता लागते. इंग्लंडात मोलाच्या सापळ्यास ती लागत नाही. अपवादांचा हा वारसा मोलाच्या वाट्यास कसा आला, याचे उत्तर आम्हांस एकच दिसते : तो मरतो तेव्हा कोणास दिसत नाही.

उत्तर समुद्रापलीकडे जर्मनीत तोच प्राणी कायद्याने संरक्षित आहे. परवान्यावाचून त्यास पकडणे वा मारणे हा गुन्हा ठरतो; बागेत ढीग दिसला तर माती उचलून घ्यावयाची, हाच मार्ग. २०२० साली तेथील एका वन्यजीव प्रतिष्ठानाने मोलास ‘वर्षाचा प्राणी’ म्हणून जाहीर केले. वेल्समधील मार्क हेमर या माळ्याने अनेक वर्षे मोल पकडून उपजीविका केली, मग तो धंदा सोडला आणि त्यावर पुस्तक लिहिले. ते २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले.

जिवंत पकडून दूर नेऊन सोडण्याचा मार्ग पुष्कळांस दयेचा वाटतो. परंतु पिंजरा वरचेवर पाहिला नाही तर आतील मोल भुकेने मरतो, आणि नव्या जागी सोडला तर तेथे बहुधा दुसऱ्याचे राज्य असते. इकडे ज्या हिरवळीतून त्यास काढले, तेथील तयार राजमार्ग फार काळ ओस पडत नाहीत. शेजारच्या कुरणातील मोल ते हुडकून काढतो, कधी कधी काही तासांतच. आणि पकडणाऱ्यास पुन्हा निरोप जातो.